बाकावरचा बुधवार

१ सप्टेंबर, मंगळवार

आज खोली मिळाली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, डावीकडून तिसरी. टेबल, चाकाचं स्टूल, तपासायचा पलंग, त्यावर ओढून फाडायच्या कागदाची गुंडाळी, हात धुवायचं बेसिन. भिंतीवर मुलांची उंची मोजायचा कागदी जिराफ आहे, त्याचे पाय कुणीतरी खरवडून काढले आहेत. पेशंटची खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा उंच आहे. बदलून मागावी असं वाटलं, पण पहिल्याच दिवशी तक्रार नको.

माझ्या आधी या खोलीत शिकणाऱ्या ताईंनी जाताना त्यांचे पेशंट मला समजावून दिले. एकेका माणसाबद्दल दोन-तीन वाक्यं. "ही आजी दर महिन्याला मरते, घाबरू नकोस." "हा गुडघ्यासाठी येतो, पण विचारायचं असतं वेगळंच. दाराच्या कडीला हात लावल्यावर विचारतो, तोवर थांब." मी सगळं लिहून घेतलं. त्या हसल्या.

पुढची तीन वर्षं हेच. फॅमिली मेडिसिन. घरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मामाचं म्हणणं, एवढी डॉक्टर झालीस आणि सर्दीखोकल्यावर काय बसतेस, हृदयाची, मेंदूची, कसली तरी हो की. मावशी म्हणाली, "फॅमिली डॉक्टर म्हणजे आपल्याच फॅमिलीची ना? मग त्यासाठी दुसऱ्यांच्या दवाखान्यात कशाला जायचं?" आमच्या घरात अक्षर शिरलं ते माझ्यापासून, त्यामुळे मी काय शिकायचं यावर सगळ्यांचा सारखाच हक्क आहे.

वही आईच्या सांगण्यावरून सुरू केली. संध्याकाळी घरी आले की दिवसभरातलं एकेक माणूस आठवतं आणि काही विचारायचं राहिलं का असं वाटत राहतं. आई म्हणाली, लिहून काढ म्हणजे डोकं रिकामं होईल. तिला स्वतःला लिहिता येत नाही. म्हणूनच बहुधा तिचा लिहिण्यावर इतका विश्वास आहे.

९ सप्टेंबर, बुधवार

बाकाचा प्रकार आज पाहिला.

आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. निवृत्तीला आल्या आहेत, अंगाने बारीक, मोठ्या कशा ते माहीत नाही. दर बुधवारी त्या बाहेर जायच्या दाराशी बाकावर जाऊन बसतात. पांढरा कोट घालत नाहीत. पेशंट बाहेर पडला की शेजारी बसवतात आणि विचारतात, "काय म्हणाले डॉक्टर?" एवढंच. मग चहाच्या वेळी पेशंटची वाक्यं जशीच्या तशी आम्हाला ऐकवतात. स्वतःचं एक अक्षर घालत नाहीत. कुणाचा पेशंट, ते आम्ही ओळखायचं.

आम्ही या वर्षी दोघेच आहोत. दुसरा तो वारसदार. आई डॉक्टर, वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर, म्हणून औषधांच्या खोलीतल्या बाईंनी त्याला हे नाव दिलं. त्याला ते आवडत नाही, त्यामुळे ते चिकटलं.

मोठ्या बाईंनी पहिलं वाक्य सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, दारू सोडली नाही तर दोन वर्षांत लिव्हर संपेल. माणूस उद्धट आहे."

"माझा," वारसदार म्हणाला.

"डॉक्टर फार गोड आहेत. मीठ खाल्लं तरी चालेल म्हणाल्या."

मी गप्प राहिले. मी असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, एकदम सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही चव लागली पाहिजे, पण हळूहळू जरा हात आखडता घेतला तर रक्तदाबाला बरं.

"हिचा," वारसदार म्हणाला.

"आपापलं ओळखा," बाई म्हणाल्या.

चहा तोच आणतो, तिघांचाही. माझ्या कपात साखर नसते. मी बिनसाखरेचा घेते हे मी त्याला कधी सांगितल्याचं आठवत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

आजचं एक काम चांगलं झालं असं वाटतं. सविस्तर लिहिते.

दुपारी साठीचे एक गृहस्थ आले. शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता गावोगावच्या सामन्यांत पंच म्हणून जातात. सगळे त्यांना पंचच म्हणतात, बायकोसुद्धा. ती बरोबर होती. शिट्टी गळ्यातच होती, शर्टाच्या आत. तपासताना बाहेर आली.

"पित्ताची गोळी द्या, डॉक्टरबाई. चांगली जोरदार. मी निघतो."

"काय होतंय?"

"घास अडकतो."

"कुठे?"

त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. आधी फक्त कोरडं अडकायचं. आता मऊही अडकतं. प्रत्येक घासाला पाणी लागतं. बायको म्हणाली, "ताटावरून उठतात अर्धं टाकून. आधी माझ्या ताटातलं पळवायचे." पंच म्हणाले, "तिच्या हातची चव गेली, मी काय करू?" पट्ट्याला घरी खिळ्याने नवीन भोक पाडलेलं दिसलं. वजन करून पाहिलं, दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीपेक्षा बरंच कमी होतं.

अन्ननलिकेत गाठ असू शकते, आणि ती साधी नसण्याचीच शक्यता जास्त. हे मला ते बोलत असतानाच कळलं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी लगेच पाठवलं. चिठ्ठीवर "तातडीचं" असं लिहिलं आणि संशय कशाचा तेही लिहिलं. बाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे.

मग त्यांना सांगणं. ते कठीण होतं, पण जमलं. मी म्हणाले, "तसं घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळदा हे साधं पित्तच निघतं, पण तुम्हाला बरेच दिवस त्रास आहे, म्हणून आपली एक खात्री करून घेतलेली बरी, म्हणजे तुम्हालाही बरं आणि मलाही, तर एकदा दुर्बिणीतून आत बघून घेऊ, छोटीशीच तपासणी असते, तिकडून तुम्हाला फोन येईल, तेवढं जमवून घ्या."

"म्हणजे पित्तच," पंच म्हणाले.

"बघून घेऊ," मी म्हणाले.

"हुश्श. जीव भांड्यात पडला. ही मला उगाच काय काय सांगून घाबरवत होती."

बायको म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले?" पण तीही हसली. जाताना त्यांनी दारात वळून मला हाताने खूण केली, खेळ पुढे चालू ठेवा अशी.

माणूस घाबरला नाही आणि तपासणीचंही झालं. दोन्ही साधलं.

१६ सप्टेंबर, बुधवार

बाई आज चहाच्या वेळी म्हणाल्या, "तुझ्या खोलीतून लोक हसत बाहेर येतात." मला बरं वाटलं.

२० सप्टेंबर, रविवार

रविवारी नातेवाइकांचे फोन. एका मावसभावाचा पाय, काकूंची पाठ, आत्याच्या शेजारणीची सून. मावशीने रक्त तपासून घेतलं होतं, कागदाचा फोटो पाठवून आकडे बघायला लावले. साखर खूप वाढली आहे. मी तिला सांगितलं, थोडी वर गेली आहे, या वयात होतं असं, तरी एकदा जाऊन दाखवून ये, उगाच अंगावर काढू नकोस, गोड जरा कमी कर, पण मन मारू नकोस.

आई स्वयंपाकघरात होती. फोन ठेवल्यावर आत गेले तर तिने विचारलं, "बरीच वाढलीये वाटतं साखर?"

"थोडीशी."

"मी उद्या तिच्या सुनेला फोन करून सांगते, घेऊन जा म्हणून."

तिला माझं एकाच बाजूचं बोलणं ऐकू आलं होतं, आणि त्यात मी आकडा सांगितलाच नव्हता. तिला कसं कळतं कुणास ठाऊक. बायका अंदाज बांधतात.

२८ सप्टेंबर, सोमवार

दुर्बिणीच्या विभागातून निरोप आला. पंच गेले नाहीत. त्यांनी स्वतःच तारीख पुढे ढकलून मागितली, ऑक्टोबरच्या अखेरची.

मी लगेच त्यांच्या नंबरावर फोन केला. बंद. मग बायकोच्या.

"अहो, ते स्पर्धांना गेलेत. महिनाभर आहेत तिकडे. एका गावाहून दुसऱ्या."

"पण ती तपासणी करायची होती."

"हो ना, मी म्हटलं त्यांना. पण ते म्हणाले, डॉक्टरबाईंनी सांगितलंय जमेल तसं करा, घाईचं नाही."

"मी घाईचं नाही असं म्हणाले नव्हते."

"नव्हतात का?" तिने खरंच आठवून पाहिलं असावं. "मला वाटलं, तसंच म्हणालात. जेवण आता पातळच घेतात म्हणे. फोनवर सांगत होते, तब्येत हलकी झालीये, धावायला बरं पडतं. का हो, काळजीचं आहे का?"

मी म्हणाले, "नाही, तसं घाबरून जाऊ नका, फक्त जमलं तर थोडं लवकर झालं तर बरं, म्हणजे एकदा झालं की डोक्याला ताप नाही."

"बरं बरं. आले की पाठवते."

फोन ठेवल्यावर नोंद उघडून पाहिली. "तातडीचं" लिहिलेलं आहे, संशयही लिहिलेला आहे, माझ्या सहीसकट. कुणी विचारलं तर माझी चूक दिसणार नाही. हे पाहून आधी हायसं वाटलं. मग पुढचा पेशंट आत आला. त्याच्याशी मी काय बोलले ते आता आठवत नाही.

३० सप्टेंबर, बुधवार

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मी पंच. सांग मला."

"इथे?"

"इथेच. चहा गार होऊ दे."

मी सांगितलं. साधारण तेच, थोडं जास्त स्पष्ट करून.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग स्पर्धा उरकून येतो."

"नाही, तसं थांबायला हरकत... म्हणजे थांबू नका, पण..."

"हरकत नाही म्हणालात ना? आभारी आहे."

वारसदार हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

दुसऱ्या खेपेलाही बाई स्पर्धेला निघून गेल्या. तिसऱ्या खेपेला मी गाठ हा शब्द वापरला. "कसली गाठ?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, म्हणजे एक प्रकारची वाढ. "केस वाढतात तशी?" बाईंनी विचारलं. त्या चेष्टा करत नव्हत्या, पंचांनी काय विचारलं असतं तेच विचारत होत्या.

"नमनालाच घडाभर तेल घालतेस," त्या शेवटी म्हणाल्या. "खेळ सुरू व्हायच्या आत माणूस उठून घरी जातो. हे असं बोलायला शिकलीस कुठे? आम्ही तर नाही शिकवत."

मी म्हणाले, माहीत नाही.

"मी करू का फोन?" वारसदार म्हणाला. "मला उद्धट म्हणायची लोकांना सवय आहे. तुला कशाला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

मला राग आला. त्याला वाटतं मला एक फोन करता येत नाही. मी म्हणाले, माझा पेशंट आहे. बाई म्हणाल्या, "तिनेच करायचा. आणि उद्या-परवा, पुढच्या आठवड्यात नाही." मग उठताना म्हणाल्या, "त्या दिवशी मलाही फक्त तपासणी बरोबर आहे का एवढंच विचारलंस. मीही तेवढंच ऐकलं. सोमवारी बाकावर कुणी बसत नाही."

दिवसभर पंचांचा फोन बंद होता. घरी परतताना वारसदार बसथांब्यापर्यंत बरोबर आला. त्याचा रस्ता दुसऱ्या बाजूला आहे. बहुधा तिकडे काही काम असावं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

आज संध्याकाळी आरशासमोर उभं राहून सराव केला. आई खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, ती ऐकत नाहीये. थोड्या वेळाने म्हणाली, "कोण आहे एवढं आजारी?"

"कशावरून?"

"किती बोलतेयस."

मी म्हणाले, त्याचा काय संबंध. तेव्हा तिने जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते.

"अगं, तुझं मला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्हा दोघांना डॉक्टरांचं काही कळायचं नाही. ते तुलाच आत बोलवायचे, मग तू बाहेर येऊन आम्हाला सांगायचीस. बरं असलं की तू एवढंच म्हणायचीस, बरं आहे, चला. आणि चपला घालायला लागायचीस. बरं नसलं की बोलतच राहायचीस. बाबांच्या शेवटच्या खेपेला जिन्यात बसून तू एवढं बोललीस, एवढं बोललीस. औषध बदललंय, आता हवा बदलायला हवी, थोडे दिवस जातील, मग भूक लागेल, आणि काय काय. मी तेव्हाच तुझ्या काकांना बोलावून घेतलं."

"मला वाटलं, काका डबा घेऊन आले होते."

"डबा आणला होता त्याने. पण डब्यासाठी नव्हता आला."

मी तेव्हा नववीत होते. डॉक्टर मला म्हणाले होते, घरातलं मोठं कुणी आहे का? मी म्हणाले होते, आहेत, पण त्यांना कळणार नाही, मला सांगा.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"माझ्या आधी. तू सांगत होतीस तेव्हा मी तुला थांबवणार होते, उगाच पोरीला त्रास. ते म्हणाले, राहू दे, बोलू दे तिला."

आईने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी मिळून तिची घडी घातली. मग ती म्हणाली, "पण त्या माणसाला कुठे ठाऊक, तू लांबलीस म्हणजे काय ते. तो काय आपल्या घरातला आहे?"

२ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी फोन लागला. मी खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि उभी होते. मागे मैदानाचा गलका होता.

"डॉक्टरबाई, बोला. पाच मिनिटांत सामना आहे."

"बाजूला येऊन ऐका. एकटे आहात का?"

"आहे. बोला."

"तुमच्या अन्ननलिकेत गाठ असावी असा मला संशय आहे. ती कॅन्सरची असू शकते. खात्री तपासणीनंतरच होईल. तपासणी मंगळवारी ठेवली आहे. परत या."

एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. थांबले. मला आणखी चार वाक्यं सुचली होती, सगळी चांगली होती. मी बेसिनचा काठ धरून ठेवला.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?" पंच म्हणाले.

"तुम्हाला कळेल असं नाही सांगितलं."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता. हो."

"मनातल्या मनात शिट्टी वाजवली तर कुणी थांबतं का हो, बाई?" त्यांचा आवाज चढला नव्हता. मग म्हणाले, "बायकोला सांगितलंत?"

"नाही. तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो. तुम्ही नका सांगू," ते म्हणाले. "आजचा सामना करून निघतो. मधेच पंच बदलता येत नाही."

त्यांनी फोन बंद केला नाही, खिशात टाकला असावा. थोडा वेळ मला ओरडाआरडा आणि शिट्टी ऐकू येत राहिली. मग मीच ठेवला.

दार उघडलं तर वारसदार बाहेर उभा होता. म्हणाला, तुझे दोन पेशंट मी बघितले, तिसरी आजी तुझ्यासाठीच थांबलीये. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, कुणी नाही.

७ ऑक्टोबर, बुधवार

काल तपासणी झाली. पाहणाऱ्या डॉक्टरांना गाठ दिसली. तुकडा पुढे तपासायला पाठवला आहे.

आज बाकावर माझी तीन वाक्यं आली. तिन्ही ओळखता आली. एक बाई म्हणाल्या होत्या, नवीन डॉक्टर पूर्वी बरी होती, आता तुटक बोलते.

"बरोबर जमलेलं नाही अजून," मोठ्या बाई म्हणाल्या. "गोड बोलायला बंदी नाही. आधी काय ते सांग, मग हवं तेवढं गोड बोल."

१४ ऑक्टोबर, बुधवार

तुकड्याचा निकाल सकाळी आला. कॅन्सरच आहे. दुपारी पंचांना आणि त्यांच्या बायकोला बोलावलं होतं.

मी खुर्च्या बदलून ठेवल्या होत्या. उंच ती बाहेर ठेवली, माझ्या खुर्चीएवढ्या दोन मागवून घेतल्या. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. पंचांच्या गळ्यात आज शिट्टी नव्हती.

मी म्हणाले, "निकाल आला. गाठ कॅन्सरची आहे."

मग थांबले.

बायकोने पदर तोंडाशी नेला. पंच जिराफाकडे बघत राहिले. मी पूर्वी इथे बोलले असते. खोलीत हात धुवायच्या नळाचा थेंब पडत होता, तो सगळ्यांना ऐकू येत असणार.

"पुढे?" पंच म्हणाले.

"सोमवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी वेळ दिली आहे. गाठ कुठवर पसरली आहे ते बघण्यासाठी त्याआधी एक तपासणी. मग ऑपरेशन करायचं, की आधी औषधं, ते ठरेल. ते काय सांगतात ते ऐकून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे या. जे कळलं नसेल ते आपण परत बघू."

त्यांनी मान हलवली. मग जे विचारणार हे मला ठाऊक होतं, ते विचारलं.

"मधले दिवस गेले, मी तिकडे होतो ते. त्याने काही बिघडलं?"

याचं उत्तर मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. गाठ बरेच महिने वाढत असते, त्यात थोड्या दिवसांनी बहुधा फरक पडत नाही, पुस्तकं काय म्हणतात, आणि असं पुष्कळ. त्यातलं बरंचसं खरंही आहे.

"बहुधा फार नाही," मी म्हणाले. "पण नक्की मला माहीत नाही. बिघडलं असू शकतं. ते दिवस माझ्यामुळे गेले."

बायको म्हणाली, "असं कसं, तुम्ही तर बिचाऱ्या..." पंचांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. त्यांनी मला, जाऊ द्या, असं म्हटलं नाही. रागावलेही नाहीत. मग विचारलं, आज जेवण काय काय घेता येईल. त्यावर आम्ही नीट बोललो. काय मऊ, काय पातळ, किती वेळा. बायको एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती. मी मध्ये एकदा त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या ताटाबद्दल काहीतरी बोलले आणि ती थोडी हसली, डोळे पुसत. ती दोघं गेल्यावर मी पलंगावरचा कागद ओढून फाडला, खरं तर त्यावर आज कुणी झोपलं नव्हतं.

चहाच्या वेळी बाई आल्या. वारसदाराची दोन वाक्यं झाली. त्यातलं एक असं होतं, "डॉक्टर आधी घाबरवतात, पण मग जिन्यापर्यंत सोडायला येतात." तो लाजला.

मग बाई म्हणाल्या, "गाठ कॅन्सरची आहे. सोमवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी एक तपासणी. दुसऱ्या दिवशी परत इथे यायचंय. उशिराने बिघडलं का ते त्यांनाही माहीत नाही."

कुणाचं ते ओळखायचं होतं. "माझं," मी म्हणाले.

बाईंनी कप उचलला आणि चहा पिऊ लागल्या. वाक्यांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मला त्यात आनंद वाटला, आणि आनंद वाटला हे बरं की वाईट ते ठरवता आलं नाही.

२५ ऑक्टोबर, रविवार

पंचांना आधी औषधं देणार आहेत, मग ऑपरेशन. गाठ आसपास थोडी पसरली आहे, लांब नाही. मंगळवारी आले होते. तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी मला म्हणून दाखवलं, जिथे अडलं तिथे आम्ही परत बघितलं. बरे होतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शक्यता आहे, मोठी नाही. ते म्हणाले, बरं. जाताना दारात थांबून म्हणाले, "पुढच्या मंगळवारीही तुम्हीच असाल ना?" मी म्हणाले, असेन.

आज मावशीचा फोन होता. मी म्हणाले, तुझी साखर फार वाढलेली आहे, गोळ्या चुकवू नकोस. ती म्हणाली, "काय गं, एवढं तोडून बोलतेस, दमलीस का?" मग मी तिच्याशी नातवंडांबद्दल बरंच बोलले.

आई म्हणाली, "आता तुझं काही कळायचं नाही मला. बरं असलं तरी तेवढंच, नसलं तरी तेवढंच. शब्दच ऐकायला हवेत आता."

मी म्हणाले, तसंच असायला हवं.

भांडी आवरताना तिने सहज विचारलं, "तो परवा पाऊस नसताना छत्री द्यायला आला होता, तो कोण?"

मी म्हणाले की तो माझ्याबरोबर शिकतो, घरचे सगळे डॉक्टर आहेत, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं, पण तसा वाईट नाही, पेशंटशी फार तुटक बोलतो, म्हणजे बोलायचा, आता जरा सुधारलाय, आणि छत्री माझीच होती, दवाखान्यात राहिली होती, त्याचा रस्ता खरं तर या बाजूचा नाही, पण त्याला इकडे काहीतरी काम असतं, चहासुद्धा तो सगळ्यांसाठीच आणतो, त्यात विशेष काही नाही, मला फक्त बिनसाखरेचा लागतो हे त्याला कुठून कळलं ते एक विचारायचं राहून गेलंय.

"लांबलं की गं," आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.